सुगीतला उपवास

२०२६ च्या दिनदर्शिकेत फेब्रुवारीच्या मध्यावर एक योग आहे. १५ तारखेला महाशिवरात्र, १८ तारखेला ख्रिस्ती पंचांगातला राखेचा बुधवार आणि १९ तारखेला रमजानचा पहिला रोजा. त्याआधीच्या वर्षीही फारसे वेगळे नव्हते. २०२५ मध्ये रमजान २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्याच्या गावात यांपैकी दोन गोष्टी कोणाच्याही ध्यानात आल्यावाचून राहत नाहीत. महादेवाच्या देवळांपुढे रांगा लागतात, साबुदाणा आणि रताळ्यांचे भाव वाढतात. चार दिवसांनी संध्याकाळच्या बाजारात खजुरांचे ढीग दिसू लागतात. तिसरी गोष्ट मात्र कोणाला न कळता सुरू होते आणि बहुतेकांना न कळताच संपते. ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ, म्हणजेच लेंट, असा मुकाट्याने येतो. मराठवाड्यात तर तो अधिकच मुका आहे, कारण तो पाळणारी माणसे येथे मूठभर आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी होती, आणि तिचा मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई व पुणे या पट्ट्यात आहे.

वर्तमानपत्रांना या समाजाची आठवण साधारणतः दोनदा होते, एकदा नाताळात आणि एकदा गुड फ्रायडेला सुट्टी असते म्हणून. या दोहोंपैकी दुसऱ्या दिवसाच्या पाठीशी चाळीस दिवसांची एक लांबलचक वाट आहे, आणि त्या दिवसाचा अर्थ त्या वाटेवाचून लागत नाही, ही बाब सहसा विसरली जाते.

ही वाट राखेच्या बुधवारी सुरू होते आणि ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणापाशी संपते. मधले दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्याने त्यांत धरत नाहीत. सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस निराहार राहून मोहाशी झुंज घेतली, या शुभवर्तमानातील कथेचे ते स्मरण आहे. इसवी सन ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो, म्हणजे ही प्रथा किमान सतराशे वर्षांची आहे. तिची तारीख दरवर्षी का हलते हे मराठी वाचकाला तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ईस्टरचा हिशेब आहे. सूर्य आणि चंद्र दोघांनाही धरून चालणारे पंचांग ज्यांच्या भिंतीवर टांगलेले असते, त्यांना ही आकडेमोड परकी नाही.

परके आहे ते ऋतूचे गणित. लेंट या इंग्रजी नावाचे मूळ वसंत ऋतूच्या, दिवस लांबू लागण्याच्या जुन्या शब्दात आहे. युरोपात हा हिवाळ्याच्या अखेरीचा काळ असतो. कोठारातले धान्य तळाला गेलेले, खारवलेले मांस संपत आलेले आणि नवे पीक अजून दूर. अशा वेळी चर्चने उपवास सांगितला तेव्हा निसर्गाने आधीच लादलेल्या काटकसरीला त्याने एक अर्थ दिला, असे म्हणता येते. आपल्याकडच्या चातुर्मासाचे गणितही असेच आहे. आषाढ-श्रावणात घरातली कणगी रिकामी होत आलेली असते, वाटा चिखलात रुतलेल्या असतात. एकादश्या, सोमवार, शनिवार यांची गर्दी नेमकी त्याच महिन्यांत आहे.

हदगावात लेंट येतो तो याच्या अगदी उलट वेळी. फेब्रुवारी-मार्च ही रब्बीची सुगी. हरभऱ्याची खळी सुरू असतात, ज्वारी कापणीला आलेली असते. ज्या शिवारांत इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी पोचते तेथे हळद काढणे, शिजवणे आणि वाळत घालणे यांची एकच घाई उडालेली असते. वर्षभरात हाती थोडा पैसा खेळतो तो याच दिवसांत. म्हणजे येथील ख्रिस्ती माणूस उपवास करतो तो घरात धान्य येत असताना. युरोपातल्या शेतकऱ्याला लेंटमध्ये फारसे काही सोडावे लागत नव्हते, कारण सोडण्याजोगे उरलेलेच नसे. येथे मात्र सोडणे हे खरोखर सोडणे ठरू शकते. एका आयात झालेल्या पंचांगाला मराठवाड्याच्या मातीत आपोआप मिळालेला हा अर्थ आहे आणि तो मूळ अर्थाहून कणभर अधिक कडक आहे. पुढे, मार्च संपता संपता चित्र पालटते. विहिरी तळ दाखवू लागतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात आणि पवित्र आठवडा येतो तो टँकरच्या प्रतीक्षेत. सुगीत सुरू होऊन टंचाईत संपणारा असा उपवासकाळ जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

अर्थात उपवास म्हटला की पळवाट आलीच. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे मराठी माणसाने स्वतःविषयीच म्हणून ठेवले आहे. ख्रिस्ती समाजातही त्याची आवृत्ती आहे. कॅथॉलिक नियमानुसार लेंटमधील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासळी नव्हे. समुद्रकाठच्या गावांत त्यामुळे या 'त्यागा'च्या दिवशी पापलेट आणि सुरमई ताटात येते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. नियमांचा एकेकाळचा कडकपणाही आता राहिलेला नाही. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपवास दोन दिवसांवर आणले, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडे खाणे चालते. वयाची साठी गाठलेल्यांना तेही बंधन नाही. केरळातील जुन्या सिरियन परंपरेची कुटुंबे मात्र अजूनही पन्नास दिवस मांस-मासळीला शिवत नाहीत, आणि मराठवाड्यात नोकरी-सेवेनिमित्त आलेल्या केरळी मंडळींच्या घरी ही शिस्त आजही दिसते.

तथापि मराठवाड्याच्या ख्रिस्ती समाजाची मुळे प्रामुख्याने या परंपरांत नाहीत. ती प्रॉटेस्टंट मिशनांत आहेत, आणि येथे एक गमतीची गोष्ट समोर येते. ज्या मिशनांनी हा समाज घडवला, त्यांपैकी अनेकांना लेंट मुळात मान्यच नव्हता. १५२२ च्या लेंटमध्ये झुरिच शहरात फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही जणांनी जाणूनबुजून सॉसेज खाल्ले. त्या वेळी हजर असलेल्या झ्विंग्ली या धर्मगुरूने स्वतः ते खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू मात्र व्यासपीठावरून मांडली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेचा आरंभ या मांसाच्या तुकड्यांपासून सांगितला जातो. बायबलात ज्याची आज्ञा नाही ते माणसाच्या पोटावर लादू नये, असा तो युक्तिवाद होता. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांनी आणि अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाने तोच वारसा उचलला. जालन्यात १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम सुरू केले आणि जवळच बेथेल हे गाव वसवले ते स्कॉटिश मिशनच्या वतीने. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, केंद्र करून खेडोपाडी पसरलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल होते. हदगावच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तेथे फ्री मेथडिस्टांनी काम केले. पुढे १९५३ मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. या मंडळींचा भर रोजच्या प्रार्थनेवर, दारूबंदीवर, साक्षरतेवर होता. वर्षातले ठरावीक चाळीस दिवस वेगळे काढणे त्यांना रोमचे अनुकरण वाटे.

मग आज मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत लेंटच्या प्रार्थनासभा होतात, लोक कोणी चहा तर कोणी मांसाहार सोडतात, हे घडले कसे? याचे एक उत्तर २९ नोव्हेंबर १९७० या तारखेत आहे. त्या दिवशी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन अशा भिन्न प्रवाहांचे एकीकरण झाले. अँग्लिकनांचे वार्षिक पंचांग त्यासोबत सर्वांकडे आले. पण केवळ एका घटनेच्या कलमाने लोकांच्या सवयी बदलत नाहीत. दुसरे उत्तर अधिक साधे आणि बहुधा अधिक खरे आहे. ज्या गावात शेजारी श्रावण पाळतात आणि पलीकडच्या आळीत रोजे असतात, तेथे उपवास नसलेला धर्म लोकांना अपुरा वाटतो. मिशनऱ्यांनी दाराबाहेर ठेवलेला उपवास गावाने मागच्या दाराने आत घेतला.

भाषेनेही यात आपला वाटा उचलला. कॅथॉलिक मराठीत या काळाला 'प्रायश्चित्तकाळ' असेही म्हणतात. प्रॉटेस्टंटांच्या प्रवचनांत 'पश्चात्ताप' हा शब्द अधिक ऐकू येतो. दोन्ही शब्द ज्या मूळ ग्रीक कल्पनेसाठी योजले जातात तिचा अर्थ मन पालटणे असा आहे. पश्चात्तापात दुःख आहे, प्रायश्चित्तात कृती आहे, मन पालटणे मात्र दोहोंत थोडे थोडेच सापडते. त्यात प्रायश्चित्त हा शब्द महाराष्ट्रात निर्मळ कधीच नव्हता. १८९० साली पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींनी ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हातचा चहा घेतला. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्याचे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे सुधारकांकडूनच त्यांना बोल लावून घ्यावे लागले. एका पेल्यातील चहासाठी मागितले गेलेले ते प्रायश्चित्त माणसाने माणसापासून पुन्हा दूर व्हावे यासाठी होते. लेंटमध्ये सांगितले जाणारे प्रायश्चित्त याच्या नेमके उलट दिशेने जाणारे असावे, अशी अपेक्षा आहे. शब्द एकच, वाटा दोन.

खाणे आणि जात यांची ही गाठ किती घट्ट असते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दिसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही लक्ष्मीबाई दीर्घकाळ सोवळे-ओवळे सांभाळत राहिल्या आणि कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाशी एकट्याच झगडल्या. जात देवाने केली की माणसाने, असा विचार करता करता त्यांच्या मनातून ती गळून पडली. ते घडल्यावर मग धर्मांतर आले. मन पालटणे याचा इतका स्वच्छ मराठी दाखला दुसरा मिळणे कठीण. तेथे उपवास नव्हता. उलट कोणाच्याही घरचे खाता येणे, हीच तेथली साधना होती.

राखेच्या बुधवारचा विधी पाहू. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि धर्मगुरू ती प्रत्येकाच्या कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची आठवण त्या वेळी दिली जाते. विलक्षण हे की त्याच उपासनेत मत्तयच्या शुभवर्तमानातला जो उतारा वाचतात, त्यात उपवास लोकांना दिसू देऊ नये, तोंड धुऊन प्रसन्न चेहऱ्याने वावरावे, असे येशूचे सांगणे आहे. कानांनी हे ऐकायचे आणि कपाळावर खूण घेऊन बाहेर पडायचे, ही विसंगती शतकानुशतके तशीच आहे. मुंबईच्या कार्यालयात त्या दिवशी अशी खूण असलेली व्यक्ती लगेच ओळखू येते. हदगावच्या बाजारात मात्र ती कोणाला वेगळी वाटण्याचे कारण नाही. तीन-चार दिवसांपूर्वी शिवरात्रीचे भस्म निम्म्या गावाच्या कपाळी होते आणि पुढे होळीच्या दुसऱ्या दिवशी होळीची राख अंगाला लागणारच आहे. येथे राख कोणत्याच धर्माची मक्तेदारी नाही. येशूने सांगितलेला लपलेला उपवास, कपाळी राख असूनही, मराठवाड्यातच शक्य होतो असे गमतीने म्हणता येईल.

या न दिसण्याला आणखी एक बाजू आहे आणि ती गमतीची नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धार्मिक अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमला. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गीयांच्या यादीत स्थान आहे, पण त्या यादीत ना जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंतच्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा येतात, ना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण. एकाच वस्तीत, एकाच पणजोबांच्या वंशात, १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घराला जो दाखला मिळतो तो ख्रिस्ती झालेल्या घराला मिळत नाही. धर्म बदलल्याने जात जाते, असे गृहीत धरून हा नियम उभा आहे. गावच्या पाणवठ्याला आणि स्मशानाला हे गृहीतक ठाऊक नसते. परिणामी कागदावर एक आणि प्रार्थनेत दुसरे अशी दुहेरी ओळख बाळगण्याचा मोह पडतो. येशूच्या अरण्यातील कथेतही पहिला मोह भाकरीचा आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

दोष मात्र एकट्या राज्यसंस्थेवर टाकून चर्चला मोकळे होता येणार नाही. आत्मपरीक्षणाचा काळ म्हणवणाऱ्या या चाळीस दिवसांत चर्चने स्वतःच्या दारातली जात तपासणे हे पहिले काम ठरते. भारतातील कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चमध्ये जातिभेद चालतो आणि तो तातडीने संपला पाहिजे, अशी कबुली त्यात होती. कबुली द्यायला किती वर्षे लागली हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचे मोल कमी होत नाही. हदगाव ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होते त्याची राजधानी हैदराबाद. तेथील आर्चबिशप अँथनी पूला हे ऑगस्ट २०२२ मध्ये कार्डिनल झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले दलित. ख्रिस्ती धर्म भारतात आल्याला किमान दीड हजार वर्षे होऊन गेल्यावर हे घडले. लेंटमध्ये कोणी चॉकलेट सोडावे, कोणी दूरचित्रवाणीवरील मालिका सोडाव्यात, कोणी भ्रमणध्वनीचा 'डिजिटल उपवास' करावा, अशी आवाहने अलीकडे बरीच होतात. त्यांत वाईट काहीच नाही. परंतु जात सोडण्याचे आवाहन या यादीत क्वचितच असते, आणि ती तर बाराही महिने सुटलेली असायला हवी होती.

उपवासाविषयी बायबलातील सर्वांत कठोर शब्द यशया संदेष्ट्याचे आहेत. मजुरांना राबवून घ्यायचे, भांडणे करायची आणि वर मान लववून उपवास करायचा, असल्या उपवासाची तो खिल्ली उडवतो. बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकरी देणे, उघड्याला वस्त्र देणे यालाच तो उपवास म्हणतो. लेंटच्या तीन अंगांत प्रार्थना आणि उपवास यांच्या जोडीला दान येते ते याच विचारातून. वाचवलेले अन्न पुन्हा आपल्याच फडताळात ठेवले तर ती काटकसर झाली. ते दुसऱ्याच्या घरी पोचले तरच त्याला उपवास म्हणावे, असा हा हिशेब आहे. भारतातील कॅथॉलिक चर्चची कारितास इंडिया ही सेवासंस्था दरवर्षी याच काळात भूक आणि रोगांविरुद्धच्या मोहिमेसाठी निधी गोळा करते. घरोघरी मुलांना पुठ्ठ्याच्या पेट्या देण्याचीही रीत अनेक धर्मग्रामांत आहे. सोडलेल्या चहाचे, न खाल्लेल्या वड्याचे पैसे त्यात पडतात.

मात्र मराठवाड्यात बोलताना एक भेद काटेकोर पाळावा लागतो. उपवास आणि उपासमार हे दोन शब्द कानाला जवळचे आहेत, पण त्यांच्यामध्ये निवडीचे स्वातंत्र्य उभे आहे. ज्याच्या घरी भाकरी आहे तोच ती न खाण्याचे ठरवू शकतो. ज्या शेतमजुराच्या घरी दुपारची चूल पेटतच नाही, त्याला उपवासाची थोरवी सांगणे हा उद्धटपणा आहे. याची जाणीव चर्चच्या जुन्या नियमांतही आहे. आजारी, गरोदर स्त्रिया आणि अंगमेहनतीची कामे करणारे यांना उपवासातून सूट दिली जाते. हदगाव तालुक्यातील ख्रिस्ती कष्टकऱ्याला या सुटीचा नियम लावला तर वर्षाचे बाराही महिने सूटच मिळेल. मग त्याच्यासाठी लेंटचा अर्थ काय उरतो? कदाचित तो उपवासाच्या बाजूला नसून त्याच्या दुसऱ्या टोकाला, सहभोजनात आहे. हे चाळीस दिवस ज्या गुरुवारकडे जातात, त्या दिवशी येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि एक भाकर मोडून सर्वांना वाटली.

असे वाटून खाणे या तालुक्याला नवे नाही. हदगाव तालुक्यातीलच तामसा येथे बारालिंग देवस्थानी संक्रांतीच्या पाठोपाठ भाजी-भाकरीची पंगत होते. गावोगावचे लोक घरून भाकरी घेऊन येतात, नाना प्रकारच्या भाज्या एकत्र शिजतात आणि हजारो माणसे ती प्रसाद म्हणून खातात. कोणाची भाकर कोणाच्या पानात पडली हे कोणी विचारत नाही. त्या पंगतीनंतर काही आठवड्यांतच लेंट सुरू होतो. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही आणि ओढूनताणून जोडण्याचीही गरज नाही. पण मोडलेल्या भाकरीचा अर्थ हदगावच्या माणसाला समजावून सांगण्यासाठी जेरुसलेमपर्यंत जावे लागत नाही, एवढे खरे.

मराठी भाषेत ही जवळीक चारशे वर्षांपूर्वीच साधली गेली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ येशूचे दुःखसहन सांगतो ते पुराणाच्या चालीवर, ओवीछंदात. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान का, असा आक्षेप काही संघटनांनी घेतला होता. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेला हा लेखक मराठी वाचकांना अनोळखी नव्हता. संमेलन झाले आणि अध्यक्षपदी तेच राहिले. मराठवाड्यातील रसिकांनी आक्षेपाला दिलेले उत्तर मंडपातल्या गर्दीचे होते. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो यांचे निधन झाले.

लेंटचा शेवट होतो तो उन्हात. गुड फ्रायडेला, मराठी मंडळ्यांच्या भाषेत उत्तम शुक्रवारी, अनेक चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. क्रुसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण मनन सांगतो. गावात त्या वेळी बाजारपेठ सुस्तावलेली असते, पारा चाळिशीकडे झुकलेला असतो आणि कौलारू किंवा पत्र्याच्या छताखालची मंडळी पाणी न पिता बसलेली असतात. पाचवा उद्गार तहानेचा आहे.

२०१६ मध्ये हा शुक्रवार २५ मार्चला आला होता. त्या वर्षी जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी गुरुवारच्या पादप्रक्षालनाच्या विधीत स्त्रियांचेही पाय धुण्यास मुभा दिली होती, म्हणून जगभर त्या पवित्र आठवड्याची चर्चा होती. लातुरात चर्चा वेगळी होती. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. टँकर भरण्याच्या आणि पाणी वाटपाच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील या भीतीने जिल्हा प्रशासनाने त्याच मार्चच्या उत्तरार्धात तेथे कलम १४४ खाली जमावबंदी लागू केली. पाच माणसांनी पाण्यापाशी एकत्र येणे गुन्हा ठरला. हंडे घेऊन अनवाणी रांगेत उभ्या असलेल्या बायकांपैकी ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे कोणी मोजले नाही. त्या मार्चमध्ये लातूरच्या चर्चमध्ये पाचव्या उद्गारावर बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला उदाहरण शोधत बसावे लागले नसणार. मिरजेहून निघालेली 'जलदूत' ही पाण्याची पहिली रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. तोवर ईस्टर होऊन सोळा दिवस उलटले होते.